ड्वेनच्या पिकअपची उजवी काच

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर शेवट तरी नीट केला असता.

माझं नाव वर्नर. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपिरिअरच्या काठी, कॅल्युमेट गावाबाहेर राहतो. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीची नाही... भर दुपारची. एकोणीस जानेवारी, सव्वादोन वाजता.

त्याआधी, ऑक्टोबरात, माझी बायको आर्लीन गेली.

मी रडलो नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला वाटत नाही ना... तसा मी सगळाच झालो होतो.

बहीण म्हणाली, काहीतरी काम धर. म्हणून आसपासच्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी जुना पिकअप शोधायला लागलो.

तो लॉईस नावाच्या बाईंकडे मिळाला. त्यांचा नवरा ड्वेन आदल्या हिवाळ्यात वारला होता. पिकअप हलकाच, पुढे बर्फ लोटायचं पिवळं पातं. मी खाली आडवा होऊन पाहिलं. खालच्या सांगाड्याला गंज. पात्याच्या वजनानं पुढच्या स्प्रिंगा बसलेल्या. पण पातं वर-खाली करणारा पंप नवा होता.

"गंजाचं काही बोलू नका," लॉईसबाई म्हणाल्या. "मी त्याच्याहून जास्त गंजलेय. मला तर कोणी फुकटसुद्धा नेत नाही."

हसायला हवं होतं. मी कागदावर सही केली.

घरी कोण असतं, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, आता कोणी नाही. आर्लीन ऑक्टोबरात गेली.

किल्ली त्यांच्या हातात तशीच राहिली...

मग त्यांनी दिली.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. मी सहा घरांसमोरची वाट मोकळी केली. हीटर चालू होता, समोरची काच लख्ख होती.

उजवीकडची, शेजारच्या सीटची काच मात्र धुरकट व्हायला लागली... आतून.

सगळी नाही. बशीएवढा एक गोल.

तो मोठा व्हायचा. लहान व्हायचा. पुन्हा मोठा.

शेजारी बसून कोणी बाहेर बघत श्वास घ्यावा, तसा.

मी माझा श्वास रोखून धरला...

गोल चालूच होता.

सीटवर कोणी नव्हतं.

घाबरायला हवं, हे मला कळत होतं. पण भीती वाटायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. मी बाहीनं काच पुसली आणि पुढच्या घराकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आर्लीन?"

गोल थांबला...

मग हळूच पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर मी रोज बोलायला लागलो. तळघरातला नळ गोठला ते सांगितलं. तिच्या बहिणीनं लग्नातल्या बशा मागून नेल्या ते सांगितलं. उत्तर कधीच आलं नाही. पण बर्फ पडला नाही की मला करमेना. फावडं, मिठाच्या गोण्या, सगळं मी मागे टाकलं. उजवी सीट मोकळी ठेवली.

एकोणीस जानेवारीला तलावावरून असा वारा सुटला की समोरचं पातंही दिसेना. मी गाडी कडेला घेतली, पातं खाली टेकवलं आणि थांबलो.

वाऱ्याचा आवाज एकदम गेला.

बर्फ तसाच आडवा उडत होता. आवाज मात्र नाही. हीटरचासुद्धा नाही...

काचेवरचा गोल विरून गेला.

आणि उजवं दार उघडलं. सावकाश.

सीटची गादी जराशी वर आली. कोणी उठल्यासारखी.

बाहेर बर्फात पाऊल उमटलं. मग दुसरं. झाडीच्या दिशेनं. लहान पावलं, आर्लीनच्या बुटांएवढी.

दहा-बारा पावलांवर ती थांबली...

मी पट्टा सोडला. एक पाय बाहेर टाकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटत होतं.

तेवढ्यात कान झोंबला. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती.

आर्लीन मला टोपीशिवाय दारातल्या टपालपेटीपर्यंतही जाऊ द्यायची नाही. असल्या वाऱ्यात तिनं मला बाहेर बोलावलं असतं?

मी आत आलो. वाकून उजवं दार ओढून घेतलं. वाऱ्याचा आवाज परत आला. पावलं बघता बघता भरून गेली.

तिथून मी सरळ लॉईसबाईंकडे गेलो. त्यांनी कॉफी ओतली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "दार उघडलं का?"

मी मान डोलावली.

मग त्यांनी सांगितलं. ड्वेनला वाटायचं, शेजारी त्याचा ‘रे’ नावाचा भाऊ बसतो. तो लहानपणीच तलावात बुडाला होता. ड्वेन त्याच्याशी तासन्‌तास बोलायचा. आदल्या वर्षी फेब्रुवारीत पिकअप कडेला उभा सापडला. इंजिन चालू. दोन्ही दारं उघडी. ड्वेन सापडला एप्रिलात... बर्फ वितळल्यावर.

"आणि तरी मला विकलात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मी महिनाभर रोज जाऊन बसायचे त्यात," त्या म्हणाल्या. "ड्वेन येईल म्हणून. माझ्यासाठी कोणी आलं नाही, वर्नर. वाटलं, जे काय होतं ते गेलं. आणि नसेलच गेलं... तर निदान तुम्हाला तरी कोणी भेटेल."

मला राग यायला हवा होता. मी कॉफी संपवली.

त्यानंतर मी तो पिकअप चालवलेला नाही. शेडमागे उभा आहे. मागच्या मार्चमध्ये एक माणूस विचारत आला, विकायचाय का. त्याची मुलगी गेली होती. रिकामं बसवत नाही म्हणाला. हवामान सांगावं तशा आवाजात.

मी म्हणालो, इंजिन जाम झालंय. तो गेला.

इंजिन ठणठणीत आहे.

त्या माणसाला मी वाचवलं, असं मी बहिणीला सांगतो. ती हो म्हणते.

पण बर्फ पडायला लागला की मी मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो... आणि मलाच कळत नाही, मी त्याला वाचवलं, की तो पिकअप मी माझ्यासाठी ठेवून घेतला.