तीन मॅचपुरते डोळे

“एक निळा माणूस पळतोय,” ती म्हणाली. “आता दुसरा निळा पळतोय. पांढरा आडवा आला… पडला. उठला. बरा आहे.”

“आणि चेंडू?” मामाने विचारलं.

“चेंडू… असेल तिथेच कुठेतरी.”

पुढच्या रांगेतल्या माणसाचे खांदे हलले. तो हसतोय हे तिला पाठीमागूनही कळलं. मग अर्धवट मागे वळून तो तिच्याशी नाही, मामाशीच बोलला. “काका, चेंडू डाव्या कोपऱ्यात आहे. आपल्याला कॉर्नर मिळालाय.”

“आपल्याला!” मामा सरसावून बसला. “बघ, ही बातमी! अर्धा तास मी नुसतं कोण पडलं आणि कोण बरं आहे एवढंच ऐकतोय. मॅच आहे की दवाखाना?”

मामा घड्याळजी. उभा जन्म भिंगातून बारीक चाकं बघण्यात गेला, आणि काचबिंदूने तीन वर्षांत नजर नेली. याच जागेवर पूर्वी साधं मैदान होतं. तिथल्या लाकडी बाकांवर बसून त्याने चाळीस वर्षं या निळ्या टीमसाठी घसा बसवून घेतला होता. ते पाडून हे चकचकीत स्टेडियम उभं राहिलं तोवर मामाकडे बघायला काही उरलं नव्हतं. मामेभाऊ त्याला दर मॅचला आणायचा आणि कानाशी लागून खेळ सांगायचा. आता मामेभावालाच कंपनीने दीड महिन्याच्या ट्रेनिंगला पाठवलं. मधे तीन मॅच येत होत्या.

“तीन मॅचपुरते तुझे डोळे दे,” मामा तिला म्हणाला होता.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?’ विचारायची. मामाला नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. तिला कळायच्या त्या दुसऱ्याच गोष्टी. गेटवर मोबाइलमधलं सीझनचं तिकीट दाखवून आत आल्यापासून पाच मिनिटांत तिने जिन्याच्या छप्पन्न पायऱ्या मोजल्या, बाहेर पडायचे दोन रस्ते हेरले आणि कठडा जेमतेम कमरेपर्यंत आहे याची मनात नोंद करून ठेवली. छत भलं मोठं होतं आणि त्याला मधे एकही खांब नव्हता. हे तिला अजिबात आवडलं नाही.

कॉर्नरवरून गोल झाला. सगळा स्टँड उठून उड्या मारायला लागला… आणि पायाखालची जमीन हलली. खरोखर हलली. तिने एका हाताने मामाला धरलं आणि दुसऱ्या हाताला जे लागलं ते धरलं.

“हलतंय हे!”

“हलणारच,” पुढचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज जरा दबून येत होता, कारण त्याच्या जाकिटाची टोपी तिच्या मुठीत होती. “इतकी माणसं नाचतायत. थोडं हलावं म्हणूनच असं बांधतात. ताठ राहिलं तर तडा जातो.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी पूल तपासतो. रोज. हातोडीने ठोकून.”

“आणि एखादा पडला तर?”

“अजून तरी नाही पडला. टोपी सोडता का… की ठेवून घेताय?”

तिने टोपी सोडली. तिच्या डाव्या हाताला बसलेल्या काकू, ज्या तोंडात दोन बोटं घालून कंडक्टरला लाजवेल अशी शिट्टी मारायच्या, वाकून म्हणाल्या, “धरून ठेव गं. शिवण मजबूत दिसतेय.”

दुसऱ्या मॅचला ती तयारीनिशी आली. जेवणाच्या सुट्टीत तिने नियम वाचले होते, व्हिडिओ पाहिले होते.

“ऑफसाइड!” ती ठामपणे म्हणाली.

“थ्रो-इन होता,” पूलवाला मागे न बघताच म्हणाला. “थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो.”

“तुम्ही पुढे बघा ना. तुम्हाला कुणी विचारलं?”

“पुढेच बघतोय. कान मागे आहेत.”

“मग कान मिटा.”

“माणसाला ती सोय नाही. डोळे मिटू का?”

“मिटा.”

त्याने खरंच मिटले आणि तिच्याकडे वळून तसाच बसला. “सांगा आता. मलाही सांगा.” आणि तिने सांगितलं, दोघांना मिळून, जवळजवळ दहा मिनिटं. त्याच्या पापण्या लांब होत्या. हे तिने सांगितलं नाही.

मामा खूश. “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मी एक सांगणारी मागितली, फुकटात दुसरा मिळाला. आता काय, पुढची एक मॅच झाली की हिची सुटका. मुलगा येतोय माझा परत.”

पूलवाल्याने डोळे उघडले. “असं?” एवढंच म्हणून तो पुढे वळला आणि मॅच संपेपर्यंत एकदाही मागे वळला नाही. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं, नंबर नव्हता. विचारणं काही अवघड नव्हतं. पण आपणहून विचारायचं आणि तो फक्त मामासाठी बोलत असेल तर? ती मामाचा हात धरून छप्पन्न पायऱ्या उतरली. मागे वळून बघितलं तेव्हा गर्दीत नुसत्या निळ्या पाठी होत्या.

तिसऱ्या मॅचला पुढच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या.

“तुम्ही इथे?”

“त्याने हातापाया पडून जागा बदलून घेतली बाई. गेल्या वेळी, बाहेर पडताना. म्हणाला, मागे वळून वळून मान दुखते.” काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. “चाळीस मिनिटं आधी येऊन बसेन म्हणाला होता.”

आला नव्हता. तिच्या डावीकडची खुर्ची मिटलेली होती. या नव्या खुर्च्या तशाच. माणूस उठला की आपोआप मिटतात, आणि भरल्या स्टँडमध्ये एकच मिटलेली खुर्ची पडलेल्या दातासारखी दिसते. मॅच सुरू झाली. हाफटाइम झाला. तिने मोबाइलवर पुलांच्या बातम्या शोधल्या. कुठेच काही पडलं नव्हतं. म्हणजे तो ठणठणीत होता आणि तरी आला नव्हता. हे जास्त वाईट की कमी, ते तिला ठरवता येईना.

“अगं,” मामा म्हणाला, “तुझ्या सांगण्यात दहा मिनिटं पांढऱ्यांचा गोलकीपर चेंडू हातात घेऊन उभाच आहे. रेफरी झोपलाय का?”

“नाही, ते… आता मारतोय.”

“खुर्ची रिकामीच का अजून?”

“कुठली खुर्ची?”

“जिला तू मॅच सांगतेयस ती. मी उजवीकडे बसलोय. तुझा आवाज सगळा डावीकडे चाललाय.”

तिचे कान तापले. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. नारिंगी जाकीट, हातात हेल्मेट. लोकांचे गुडघे ओलांडत, माफी मागत तो आला आणि मिटलेली खुर्ची उघडून तिच्याशेजारी बसला.

“भेग सापडली… पुलाला,” त्याला दम लागला होता. “वाहतूक थांबवली, भेग मोजली, वरच्यांना कळवलं… मग सुटलो.”

“पूल?”

“उभा आहे.”

“कोण आलं? काय चाललंय?” मामाने विचारलं. “मला कुणी सांगेल का?”

तिने एकदा मैदानाकडे पाहिलं. मग डावीकडे वळून, पण मामाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगायला लागली. “एक माणूस आलाय. कपाळावर सिमेंटची धूळ आहे. बूट चिखलाने भरलेत. छप्पन्न पायऱ्या पळत चढलाय. धापा टाकतोय… बरा आहे.”

“आणि?”

“आणि मी त्याची वाट बघत होते. पहिल्या मिनिटापासून. नाही… गेल्या मॅचपासून.”

काकूंनी मान वळवली नाही, पण त्यांची पाठ ताठ झाली.

“मामा,” पूलवाला म्हणाला, “तुमचा मुलगा आला तरी यांना सोडवू नका. किंवा सोडवा. यांना मॅचचं काही कळत नाही. मी यांना दुसरीकडे कुठेतरी नेईन… त्या येणार असतील तर.”

“आधी काका म्हणत होतास. मामा कधीपासून?”

“आत्तापासून. चालेल?”

मामा उत्तर देणार, तोच स्टेडियम फुटल्यासारखा आवाज झाला. सगळे उठले. स्टँड हलला, पायाखालून, चांगलाच. तिने बाहेरच्या दाराकडे बघितलं नाही. हाताला जे लागलं ते धरलं, आणि या वेळी ती जाकिटाची टोपी नव्हती.

“कुणी मारला?” मामा ओरडत होता. “अगं, कुणी मारला? कसा मारला?”

दोघांनी घाईने मैदानाकडे बघितलं.

“बघितलं नाही, मामा,” शेवटी ती म्हणाली.

“तू सांग रे.”

“मी… मीही नाही.”

“शाबास! चार डोळे शेजारी बसवून घेतले आणि गोल एकालाही दिसला नाही!”

काकूंनी तोंडातली दोन बोटं काढली आणि मागे वळल्या. “मी सांगते. नऊ नंबरने मारला, डोक्याने, उजव्या कोपऱ्यात. आणि इथे मागे काय चाललंय, तेही सांगू का?”

“ते राहू द्या,” मामा म्हणाला. “ते मला दिसतंय.”