पायरीवरचा आवाज

सुभेदार निघाले होते ते एक मफलर परत द्यायला. माजी सैनिकांच्या बैठकीत, पलटणीत ट्रक चालवायचा म्हणून सगळे ज्याला ड्रायव्हरच म्हणत, तो जवान मफलर खुर्चीवर विसरून गेला आणि पुढच्या बैठकीला फिरकलाच नाही. त्यात त्याच्या बहिणीचा फोन आला, "दादा फोन उचलत नाही हो. मी निघालेय, पण पोचायला संध्याकाळ होईल. तेवढं तुम्ही जाऊन बघाल?"

निवृत्तीनंतर सुभेदारांनी हेच काम अंगावर घेतलं होतं. लढाईवरून घरी आलेली, पण घरात न रमलेली माणसं शोधायची आणि त्यांच्याशी बोलत बसायचं.

दुपार टळली होती, तरी धुकं असं की हाताशी आलेलं झाड दिसू नये. वसाहतीच्या टोकाला ड्रायव्हरचं बैठं घर. ओल्या लाकडाचा कुबट वास. आसपास कुत्र्याचासुद्धा आवाज नाही. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला, तोच दार उघडलं.

ड्रायव्हरची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

"या साहेब. किती वेळ पायरीवर बसणार? घसा कोरडा पडला असेल तुमचा."

"मी आत्ता येतोय रे."

"थट्टा करता होय? सकाळपासून दाराबाहेरून बोलताय." त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. "मी तिकडे जायला उठलो की तुम्ही म्हणायचात, 'ड्रायव्हर, आधी एवढं ऐकून जा...' की मी परत बसायचो."

सुभेदारांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती नंतर, समोरचा माणूस आधी. आत जाऊन त्याच्या शेजारी बसत त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचं ठरवलं होतंस?"

ड्रायव्हरने मागच्या खोलीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"हो."

"अजून वाटतंय?"

"थोडं... आता कमी."

"बरं केलंस सांगितलंस. आता मी इथून हलत नाही."

मागच्या खोलीला कुलूप घालून त्यांनी किल्ली खिशात टाकली. माजी सैनिकांच्या मानसोपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "गाडी पाठवते, त्याला एकटं सोडू नका," त्या म्हणाल्या.

चहा झाला. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला असलं काही शिवत नसेल, असं वाटायचं मला. पण ती नदीवरची गोष्ट सांगितलीत, म्हणून थांबलो."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "कुठली गोष्ट?"

"निवृत्तीच्या वर्षी, पहाटे... घरात कुणाला न सांगता निघालात, ती."

ती गोष्ट त्यांनी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

दिवेलागणीला बहीण आली, पाठोपाठ गाडी. ती रडली नाही. भावाचे विस्कटलेले केस सारखे करत म्हणाली, "चल दादा. मी आहे सोबत." तो तिचा हात धरून गाडीत बसला. पुढे दवाखान्यात तो हळूहळू सावरला, बैठकीलाही येऊ लागला.

पण त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर सुभेदारांनी दार ओढून घेतलं, बूट घालायला पायरीवर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले. चहूकडे धुक्याने सगळं गारठलेलं, आणि दगड मात्र ऊबदार होता. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

मागे, रिकाम्या घरात, आतून कडी सरकली.

मग दाराआडून अगदी त्यांच्याच आवाजात, कसलीही घाई न करता, कुणीतरी म्हणालं,

"बसा सुभेदार... आता तुम्ही बोला. मी ऐकतोय."