गोगलगाईचे नऊ गुण

वाचनालयात जोरात हसायची पद्धत नव्हती, पण समोरचा हसत होता... आणि तेही तिच्याच संशोधन-प्रस्तावावर.

निधी थोडा, अर्जदार शंभर. म्हणून संस्थेने युक्ती काढली होती — अर्जदारांनीच एकमेकांचे प्रस्ताव तपासायचे, नावं झाकून. त्यामुळे 'गोगलगाईला घाई होते का?' ही चाळीस पानं कोणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं.

"हसतोय कुठे? जळतोय! मी तीन वर्षं शेवाळ वाळताना बघतोय, आणि हा पठ्ठ्या शर्यती लावतोय. नऊ देणार मी."

"एक का कापला?"

"हरलेल्या गोगलगाईची समजूत कोण काढतं, ते लिहिलं नाहीये."

'मीच,' हे तिने महत्प्रयासाने गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चहा पाजला. तिसऱ्या दिवशी तिने. चौथ्या दिवशी पाऊस नसताना दोघं एका छत्रीतून गेले — आता उघडलीच आहे, म्हणून.

पण ओळखीच्याचा प्रस्ताव तपासला, तर गुण रद्द होत. आणि निधी हुकला की तिची प्रयोगशाळेची खोली जाणार होती.

"अगं बावळट," आई फोनवर म्हणाली, "आधी गुण पदरात पाड, मग जावई दाखव!"

शुक्रवारी, गुण द्यायच्या मुदतीच्या दिवशी, तिने चहाचा कप बाजूला सारला.

"ती गोगलगाय... माझी आहे."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे पठ्ठ्या तुम्ही? मग नऊ गेले की हो!"

"जाऊ देत. न ओळखता दिले होतेत ना? तेवढं पुरे मला."

त्याने ओळख जाहीर करायचा फॉर्म काढला. 'नात्याचं स्वरूप' या रकान्यात 'चहा' लिहिलं. खोडलं. 'छत्री' लिहिलं. तेही खोडलं. मग लाल झालेल्या कानांनी काहीतरी खरडून कागद तिच्याकडे सरकवला —

'माझ्याकडून प्रेम. तिकडून... उत्तर यायचंय.'

तिने त्याचीच पेन्सिल घेतली, दुसरं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'तिकडूनही. कधीचंच.'

संस्थेच्या अर्ज-खिडकीतल्या बाईंनी फॉर्म चष्म्यापर्यंत नेला. "पेन्सिलनं भरलाय."

"मग?"

"मग काय? उद्या खोडाल! शाईनं लिहा, दोघांनीही. पाच मिनिटांत खिडकी बंद होतेय."

पेन एकच होतं. तिने आधी ओढून घेतलं.