पाय पसरायला जागा

धाकट्याने लाल गाडी बदलायला काढली त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. भलतंसलतं काही मनात यावं असा तो दिवस नव्हता. माणूस बाजारात जातो, जुनं देतो, दुसरं आणतो, तसाच तो निघाला होता.

धाकटा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे साचे पाठवायचे आणि हा दिवसभर मेण, प्लास्टर आणि घासायचं यंत्र घेऊन बसायचा. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवता बसवता हातात पैसा खेळायला लागला आणि त्या पैशाची ही लाल गाडी आली. दोन दारं, दोनच सीटा. बुटकी इतकी की बसताना ढुंगण रस्त्याला घासतंय की काय असं वाटावं. त्यात आवाज असा की गल्लीतली झोपलेली पोरं दचकून उठायची. असल्या गाडीचा उपयोग काय ते मला आजवर कळलेलं नाही. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला विचारणारंही कोणी नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या दलालाने लाल गाडीभोवती फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि शेजारच्या सीटवर हात फिरवला.

"साहेब, ही सीट तर कोरी आहे. कोणी बसलंच नाही का हिच्यावर?"

"नाही."

"एवढी भारी गाडी आणि शेजारी कोणी नाही? कमाल आहे तुमची." दलाल हसला. मग खाली बसून दाराच्या उंबऱ्याजवळ बोट टेकवलं. "हा ओरखडा मात्र खोल आहे. बुटाच्या टाचेचा दिसतो."

"असेल," धाकटा म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

बदल्यात घ्यायची गाडी मागच्या बाजूला उभी होती. काळी, लांबलचक, चार दारांची. कोणा बड्या असामीची होती म्हणे. वय झालं होतं, पण अंगावरचं तेज गेलं नव्हतं. आत चामड्याचा वास आणि अशी शांतता की दार लावलं की रस्ता बंद. दलाल मागे जाऊन ऐसपैस बसला.

"खरी मजा इथे आहे बघा. ही गाडी चालवणाऱ्यासाठी नाही, मागे बसणाऱ्यासाठी आहे. हे बटण दाबलं की..."

त्याने दाराजवळचं बटण दाबलं. गूंऽऽ असा बारीक आवाज झाला आणि ड्रायव्हरच्या शेजारची रिकामी सीट आपणहून पुढे सरकत गेली. दलालाने पाय लांब केले, गुडघासुद्धा न वाकवता.

"पाय पसरायला जागाच जागा. ज्याचा पाय आखडलेला असेल ना, त्याने सुद्धा आरामात बसावं."

तो आपला विकण्यासाठी बोलत होता. पण धाकटा त्या पसरलेल्या पायाकडे बघत राहिला.

"घेतली," तो म्हणाला.

"अहो, चालवून तर बघा."

"घेतली म्हटलं ना."

आता तो पाय कोणाचा ते सांगायला हवं. धाकट्याचा थोरला भाऊ भिंती रंगवायचा. आई-बाप लवकर गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं. लहानपणी दोघांना एकच खाट होती. थोरला रात्री कोपराने ढोसायचा, "जरा सरक रे, पाय पसरू दे," आणि धाकटा झोपेतच भिंतीला चिकटायचा. पुढे धाकटा कवळ्यांचं काम शिकत होता, तेव्हा त्याचं शिक्षण भागावं म्हणून थोरल्याने उंच इमारतींची कामं घ्यायला सुरुवात केली, आणि एक दिवस शिडीवरून खाली आला. उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. त्या पायाला जाड टाचेचा बूट आणि हातांना रंगातल्या टर्पेंटाइनचा वास, ही त्याची ओळख होती. कितीही साबण लावला तरी तो वास जायचा नाही.

लाल गाडी येऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी थोरल्याचा फोन आला. वहिनी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला गेली होती.

"छातीत जड वाटतंय रे. दवाखान्यात नेतोस का?"

धाकटा गेला, नाही असं नाही. पण त्या बुटक्या गाडीत ताठ पाय जाईना. थोरल्याने कडेने बसून पाहिलं, पाठमोरं शिरून पाहिलं. त्या खटपटीत बुटाची टाच उंबऱ्यावरून कर्र करत गेली.

"राहू दे दादा," धाकटा म्हणाला. "तू बस इथे पायरीवर. मी टॅक्सी पाठवतो."

संध्याकाळी वहिनी परतली तेव्हा थोरला पायरीवरच होता. बूट घातलेला, पाय समोर लांब केलेला, नजर रस्त्याकडे. अंग गार पडलं होतं.

टॅक्सी आलीच नव्हती. येणार कुठून? धाकट्याने फोनच केला नव्हता. पण वहिनीने हंबरडा फोडून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी मफलरला फोन केला होता. येतो म्हणाला होता तो."

मफलर म्हणजे नाक्यावरच्या स्टँडवरचा टॅक्सीवाला. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून ते नाव. गाडीतच डुलक्या काढायची त्याला सवय. त्यामुळे त्याने लाख सांगितलं की मला फोन आला नाही, तरी कोणाला पटलं नाही. अख्ख्या गल्लीने खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. त्याच्या टॅक्सीत कोणी पाऊल ठेवेना. दिवसभर बिचारा काचा पुसत उभा राहायचा. धाकटा तिथून जाताना मान खाली घालायचा आणि लोक म्हणायचे, भावाच्या दुःखाने खचलाय.

तर अशी ती काळी गाडी दारात आली. वहिनीने बघितली. नाकाचा शेंडा पुसून म्हणाली, "आता आणलीत होय भाऊजी, चार दारांची? माणूस असताना नाही सुचलं."

धाकट्याने ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं ते.

पहिल्यांदा झालं ते गाड्या धुण्याच्या यंत्रात. भर दुपारची वेळ. गाडी पट्ट्यावर चढली, इंजिन बंद केलं, आणि चारी बाजूंनी फेस काचांवर आला. उजेड हळूहळू गेला. मोठाले ब्रश छतावर घुमायला लागले, दारांना घासायला लागले. आत साबणाचा वास, दमट काळोख, आणि त्या घरघरीत मध्येच एक वेगळा आवाज... गूंऽऽ.

शेजारची सीट पुढे सरकत होती.

धाकट्याचा हात मांडीवरच राहिला. सीट सरकत सरकत पार डॅशबोर्डला टेकली आणि थांबली. मागे काहीतरी करकरलं. चामड्यावर कोणी नीट सरसावून बसावं तसं. आणि साबणाच्या वासातून दुसरा एक वास आला. तो ओळखायला नाक लागत नव्हतं, लहानपणापासून धाकटा त्या वासाशेजारी झोपला होता.

"दादा...?"

आरशात मागच्या काचेवरचा फेस तेवढा दिसत होता, हळूहळू खाली घसरणारा.

बाहेर उन्हात आल्यावर त्याने मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. खालच्या गालिच्यावर मात्र एक खळगा होता, गोल, जाड टाचेचा. एकाच पायाचा.

त्याने गाडी मेकॅनिककडे नेली. मेकॅनिक तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून मागे शिरला, खुडबुड केली आणि बाहेर आला.

"बटण ओलाव्याने दबत असेल. वायरच काढून टाकली. आता दलालाचा बाप आला तरी सीट हलायची नाही."

परतताना चौकात सीट हलली. पार पुढे गेली. धाकट्याने हाताने मागे ओढली, ती परत गेली. मग त्याने ओढणं सोडलं. घरी कवळ्या घासायला बसला तर एका म्हातारीचे पुढचे दात वाकडे बसले.

वहिनीचे डोळे दुखायला लागले होते, तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. सकाळी तिने पुढचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"इथे काय मांडी घालून बसू? सीट एवढी पुढे कशाला?"

"बिघडली आहे. मागे बसा वहिनी."

ती मागे बसली, पण बरोबर धाकट्याच्या पाठीमागे. दुसऱ्या बाजूला पाय पसरायला एवढी जागा होती, तिथे नाही.

"तिकडे बसा की. ऐसपैस आहे."

"नको," वहिनी हळूच म्हणाली. "तिकडे... बसवत नाही." थोड्या वेळाने तिने विचारलं, "गाडीला रंग दिलाय का हो भाऊजी? कसला वास येतोय?"

धाकट्याने गाडीचा वेग वाढवला.

नाक्यावर गाडी थांबली. समोर स्टँडवर मफलर टॅक्सीची काच पुसत होता. स्वच्छ काच परत परत. वहिनीने बघितलं आणि तिचा श्वास फुलला.

"बघा कसा पुसतोय. माणूस पायरीवर मारला आणि हा काचा पुसतोय. भाऊजी, गाडी बाजूला घ्या. इतके दिवस गप्प बसले, आज याच्या तोंडावर विचारते. त्याच्या पोराबाळांची..."

"वहिनी, नको."

"का नको? तुम्हाला लाज वाटते तर तुम्ही बसून राहा."

धाकट्याने गाडी कडेला घेतली. वहिनीचा हात दाराच्या कडीवर गेला. आणि मागून, रिकाम्या बाजूने, टाच टेकल्याचा आवाज आला. ठक. तेवढाच. वहिनीने ऐकला की नाही कोण जाणे, पण तिचा हात थबकला.

"त्याला फोन केलाच नव्हता मी," धाकटा समोर बघत म्हणाला.

"काय?"

"मफलरला. कोणालाच केला नव्हता. मी... विसरलो."

बाहेर गाड्या चालल्या होत्या, पण आत काही ऐकू येत नव्हतं. त्या गाडीची शांतता तशीच होती.

"संध्याकाळपर्यंत विसरलात?" वहिनीने विचारलं. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"हो."

ती उतरली. दारसुद्धा आपटलं नाही. रस्ता ओलांडून टॅक्सीजवळ गेली. तिला येताना बघून मफलर दोन पावलं मागे सरला, फडकं छातीशी धरून, शिव्या खायच्या तयारीने. वहिनीने त्याला काहीच म्हटलं नाही. टॅक्सीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. मफलर बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने मफलरच्या टोकाने डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि तिला घेऊन गेला.

धाकट्याने डोकं मागे टेकलं. अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"झालं ना दादा आता?" तो पुटपुटला.

गूंऽऽ. शेजारची सीट मागे यायला लागली. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. सीट अर्ध्यावर आली आणि थांबली.

अर्ध्यावरच.

कारण तो विसरला नव्हता. पेट्रोल भरताना त्याला आठवलं होतं. फोन हातातच होता. पण खाली वाकून त्याने उंबऱ्यावरचा तो ओरखडा बघितला होता, कोऱ्या गाडीवरचा, आणि डोक्यात तिडीक गेली होती. बसू दे जरा पायरीवर, असं त्याच्या मनात आलं होतं. कळू दे जरा. मग तो गाडी घेऊन मोकळ्या रस्त्याला गेला होता आणि इंजिनच्या आवाजात त्याला फार बरं वाटलं होतं.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. मफलर सुटला, वहिनीला कळलं, पुरे झालं की, असा त्याने मनाशी हिशोब केला. माणूस असाच असतो. कवळी अर्धीच बसली तरी चालवून घेतो.

पाठीमागे चामडं करकरलं. कोणीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत होतं, जड अंगाने, एक पाय ओढत. मग ते बरोबर त्याच्या मागे आलं आणि थांबलं. टर्पेंटाइनचा वास मानेवर आला.

गूंऽऽ...

आता त्याची स्वतःची सीट पुढे जात होती. बोटभर गेली आणि थांबली.

दलालाला विचारलं तर तो म्हणाला, "ड्रायव्हरच्या सीटला मागून बटण नसतंच साहेब. गाडी चालू असताना कोणी मागून सीट ढकलली तर काय होईल?" मेकॅनिकने सगळी सीट खोलून परत बसवली आणि काही बिघाड नाही म्हणाला. गाडी विकायला काढली तर घ्यायला आलेला प्रत्येक जण मागचं दार उघडतो, आत वाकून बघतो आणि "बसलेत वाटतं कोणी" असं म्हणून दार लावून निघून जातो.

धाकटा अजून ती चालवतो. रोज वहिनीच्या दारावरून जातो, वेग कमी करतो, थांबत नाही. सीट रोज बोटभर पुढे येते. गुडघे केव्हाच डॅशबोर्डला लागले. आता छाती स्टिअरिंगच्या चाकाला टेकली आहे.

गल्लीतल्या लोकांची तक्रार आहे की तो उगाच हॉर्न वाजवतो. मीही ऐकलाय. उगाच वाजवल्यासारखा नाही वाटत तो. लांबून येतो, बारीक, थांबून थांबून. वाजतो आणि बंद होतो, वाजतो आणि बंद होतो, माणूस श्वास घेतो तसा. परवापासून तो थोडा भरभर येतोय.