सरड्याचा दुसरा डोळा

कावळा काही केल्या शिवेना. दीपकच्या दहाव्याला नीरेच्या काठी सगळे ताटकळले होते. अपघातात गेलेलं तरणं पोर, इच्छा राहिली असणारच. शेवटी बापानं, दत्तोबानं, हात जोडले. "पोरा, तुझ्या मनात होतं तसा तुझा सरडा त्या जर्मनीच्या दोस्ताला धाडतो. शब्द देतो." तेव्हा कुठं कावळ्यानं पिंडाला चोच लावली. सरड्यात जीव अडकलेला माणूस पंचक्रोशीत हा पहिलाच!

सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे हं. दुर्मिळ, परदेशी, सरकारदरबारी नोंदवलेला. दीपकनं पोटच्या लेकरागत जपलेला. पण देशाबाहेर धाडायला परवाना लागतो, आणि तोच मिळेना.

"मूळ मालक मयत, आबा. त्यातून जनावर दुर्मिळ. अवघड आहे," पुण्याच्या वनखात्याचे साहेब म्हणाले.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात ते काय खोटं!

मग कळंबच्या घरात दोघंच राहिले, दत्तोबा आणि सरडा. बायको आधीच गेलेली. दुपारी घर खायला उठायचं.

सरड्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, हे दीपकनंच सांगितलेलं. एक डोळा दत्तोबावर असायचा. दुसरा दीपकच्या रिकाम्या खुर्चीवर. माशी असेल म्हणून दत्तोबानं खुर्ची झटकली. पिंजरा हलवला, फिरवला. डोळा पुन्हा खुर्चीवरच.

एका दुपारी तो डोळा सावकाश हलला. खुर्चीवरून माठापाशी गेला. पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ थांबला. मग परत खुर्चीवर आला.

भ्यायचं सोडून दत्तोबाला रडूच कोसळलं. "आलास व्हय रं?"

दुसऱ्या दिवसापासून तो चहाचे दोन कप मांडू लागला.

दिवाळीनंतर परवाना आला. साहेबांचा फोनही आला. "वारस म्हणून तुमचं नाव लागलं, आबा. उद्या सरडा घेऊन या."

दत्तोबानं खोक्याला भोकं पाडली, आत फडकं अंथरलं. पिंजऱ्यात हात घातला आणि थबकला. हा गेला, तर पोरगं कुठं बसलंय हे कळायचं कसं?

तो बाजेवर येऊन बसला. "न्हाय धाडत," खुर्चीकडं बघत म्हणाला. "बापानं शब्द मोडला म्हण. पर एकट्याला न्हाय रं जमत." आणि परवाना टराटरा फाडला.

सरड्याचा दुसरा डोळा खुर्चीवरून सुटला.

हळूहळू बाजेकडं आला.

दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका जागी जुळले. दत्तोबाच्या अगदी शेजारी.

बाज करकरली.

दत्तोबानं मान वळवली नाही. जरा सरकून जागा केली.

त्या दिवसापासून त्याच्या अंगणात कावळा उतरलेला कुणी पाहिला नाही.