हिरव्या डबीतला गुलाब

एकाच मलमाला दोन वास कसे येतील? मिहिका पार गोंधळून गेली होती.

सन २०६१. वेंगुर्ल्यात आजोबांच्या प्रयोगशाळेत चंद्रावरच्या वसाहतीतून तक्रार आली होती. ‘नव्या मलमाला गुलाबाऐवजी गवताचा वास येतो. कुणी लावायला तयार नाही.’ तिथल्या कोरड्या हवेत माणसांची कातडी भेगाळत होती. आणि इथे आजोबा, म्हणजे गंधतज्ज्ञ डॉ. केळुसकर, डोक्याला हात लावून बसले होते. मलमात गुलाबाचाच अर्क होता. बदलला होता तो फक्त रंग! लोकांना हिरवळीची आठवण यावी म्हणून यंदा गुलाबीचा हिरवा केला होता.

“मलाही गवती चहाच जाणवतोय,” ते पुटपुटले. “नाकच गेलं माझं. आता हे काम थांबवावं म्हणतो.”

मिहिकानं दोन्ही डब्या पुढ्यात ओढल्या. तिनं जुनी गुलाबी डबी हुंगली. गुलाब! हिरवी हुंगली. गवती चहा! मग तिनं दोन्ही डब्या नासिकासमोर धरल्या. नासिका म्हणजे वास ओळखणारा यंत्रमानव.

“दोन्हींचा गंध तंतोतंत सारखा,” नासिका म्हणाली.

“बिघडलीस तू!”

“मी फक्त रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) मोजते, मिहिका. मला डोळे नाहीत.”

डोळे नाहीत? मिहिका थबकली. तिनं आजोबांच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि डब्यांची अदलाबदल केली.

“यातली हिरवी कुठली, सांगा.”

आजोबांनी तीन-तीनदा हुंगलं. “दोन्ही गुलाबच की गं!”

त्यांनी पंचा ओढून काढला. “आणि हे मी विसरलो! घाबरलो होतो ना. अगं, मंद वास असला की नाकाचा निरोप मेंदूला नीट कळत नाही. मग तो डोळ्यांची मदत घेतो. हिरवं म्हणजे पानं, गवत, हे आपण लहानपणापासून शिकलेलो. त्यात गुलाब आणि गवती चहा यांच्यात काही सुगंधी द्रव्यं सारखीच असतात. मेंदू नेमकी तीच उचलून धरतो. याला म्हणतात बहुसंवेदी अनुभव (अनेक इंद्रियांनी मिळून घडवलेला).”

“म्हणजे मेंदू खोटं बोलतो?”

“अंदाज बांधतो. एरवी तो बरोबर ठरतो.”

त्याच दुपारी गुलाबी डब्यांची पेटी रवाना झाली. आजोबा मात्र नव्या विचारात होते. “वासाशी जुळणाऱ्या रंगानंच तो थोडा वाढल्यासारखा वाटला, तर अत्तर कमी घालून भागेल. ज्यांच्या अंगाला अत्तरानं खाज सुटते, त्यांनाही सुगंधी मलम लावता येईल. करायचं का आपण?”

“करायचं!” म्हणत मिहिकानं पुन्हा हिरवी डबी उघडली. आता तिला सगळं कळलं होतं. तिनं खोल श्वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

“आजोबा, अजूनही गवती चहाच येतोय!”

आजोबांनी डबीत नाक खुपसलं. “मलाही,” ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.