चार चालींतलं नाव

ती खासगी तपासाची कामं घेणाऱ्या माईंच्या ऑफिसात आली आणि माईंचे सहायक मास्तर पाणी देत होते तोवरच बोलू लागली.

"बाबांच्या औषधात विष होतं. पोलिसांनी माझ्या काकांना धरलंय, बाबांच्या सख्ख्या थोरल्या भावाला. काका मुंगीसुद्धा मारणार नाहीत हो."

"मग धरलं कशावरून?" माईंनी विचारलं.

"बाबांच्या शेवटच्या डावावरून."

बाबा बुद्धिबळात मुरलेले. चालींत नावं लपवून कोडी घालायचा त्यांना नाद. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि प्याद्याची चाल लिहिताना अक्षर आधी येतं. गेले त्या दुपारी ते जावयाशी खेळले आणि रिवाजाप्रमाणे डाव लिहून ठेवला. पांढऱ्याच्या पहिल्या चार चाली होत्या डी चार, ए तीन, डी पाच, ए चार. नुसती अक्षरं वाचली की 'दादा'. थोरल्या भावाला ते दादाच म्हणत.

"अक्षर बाबांचंच?"

"हो. नाव आमच्या ह्यांनी ओळखलं."

मास्तरांना वाटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कोठडीत काका गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. "घर आम्हा दोघा भावांचं. विकायचं नाही, यावर आमचं एकमत. मला मूलबाळ नाही, माझ्यामागे सगळं पोरीचंच," ते म्हणाले. "माई, मला फाशी देतील का हो?"

माई तडक घराकडे निघाल्या.

घराच्या खिडक्या बंद होत्या. जावई हसतमुख, पण त्याची पावलं वाजली की बायको भिंतीला चिकटायची.

"सासऱ्यांना काकांची भीती वाटत होती," जावई म्हणाला. "तोंडाने बोलवेना, म्हणून चालींतून बोलले."

"जावईबापू, तुम्ही हरलात ना?" लिहिलेला डाव हातात घेऊन माईंनी विचारलं.

"त्यांच्याशी कोण जिंकणार? समोरच्याला पांढरी मोहरी द्यायचे, तरी हरवायचे."

"घोडे-उंट घरात ठेवून कडेचं प्यादं दोनदा ढकललंत, मग काय होणार?"

"मला कुठे एवढं येतं?"

माई पटाजवळ बसल्या. "मास्तर, प्रत्येकजण आपल्याच रंगाच्या चाली खेळतो. बाबांना नाव लपवायचं असतं तर ते काळ्याच्या चालींत आलं असतं. हे आलंय पांढऱ्यात. बाबांनी फक्त लिहिलं, पांढऱ्याच्या चाली खेळले जावईबापू."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. एवढं साधं!

"योगायोग," जावई म्हणाला. आवाज मात्र चिरकला.

"असेलही. पण मग तो सासऱ्यांचा निरोप कसा झाला? तुम्ही स्वतःच्या चाली सासऱ्यांच्या म्हणून पोलिसांना दाखवल्यात. सासरे समोर जिवंत बसले होते, तेव्हाच तुम्ही त्यांच्या खुन्याचं नाव पटावर मांडत होतात. ते मरणार, हे त्या दुपारी एकालाच माहीत होतं. अक्षर त्यांचं, एवढ्यावर सगळे फसतील असं वाटलं तुम्हाला. बाहेर पोलीस उभे आहेत."

जावई खाली बसला. माईंनी दार उघडलं.

पोलीस त्याला नेत असताना मुलगी पहिल्यांदा भिंतीपासून दूर झाली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा गेले. काका फासावर जाणार होते. मग घर माझ्या एकटीचं. त्यानंतर कुणाची पाळी होती?"

ती त्याच्याकडे पाठ करून माईंकडे वळली.

"माई," ती म्हणाली, "काकांना आणायला मीही येते. मला इथे एकटीला ठेवू नका."